उत्तम वास्तवलेखनाचा शोध : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने

इंटरनेटने लेखन उपलब्ध करून दिले, पण ते योग्य वाचकाला सापडेल याची सोय केली नाही. आणि सापडलेल्या लेखनातून उत्तम कोणते हे ठरवण्याची सोय तर त्याने बव्हंशी आकड्यांवर, म्हणजे किती जणांनी उघडले आणि किती जणांनी पुढे पाठवले यावर सोपवली. या अवस्थेचा सर्वाधिक फटका ज्या लेखनप्रकाराला बसतो तो वास्तवकथनाचा होय. वास्तवकथन म्हणजे प्रत्यक्ष भेटी, निरीक्षण आणि कागदपत्रे यांच्या आधारे केलेले असे दीर्घ लेखन, ज्यात माणसे, प्रसंग आणि काळाचा क्रम कथेसारखा असतो, पण ज्यातील एकही प्रसंग लेखकाने मनाने रचलेला नसतो. रिपोर्ताज, शोधलेख, व्यक्तिलेख, प्रवासातून आलेला सामाजिक वृत्तांत ही त्याचीच रूपे आहेत. असे उत्तम लेखन मराठीत आहे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः विचारायला हवा तो प्रश्न निराळा आहे. असलेले लेखन कोणाला सापडते, कोणत्या वाटेने सापडते आणि त्याच्या उत्तमपणाचा निवाडा कोण करते, हा तो प्रश्न होय. बीड जिल्हा त्याच्या परीक्षेसाठी विशेष सोयीचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याविषयी देशात आणि देशाबाहेर विपुल लिहिले गेले, आणि तरीही ते लेखन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत तुटक स्वरूपात पोहोचले.

इंग्रजी वाचकाने या प्रश्नावर निवडक याद्यांचे उत्तर शोधले. २००९ साली सुरू झालेले ‘लाँगरीड्स’ आणि २०१० साली सुरू झालेले ‘लाँगफॉर्म’ या संकेतस्थळांनी नियतकालिकांतील दीर्घ लेख वेचून वाचकापुढे ठेवण्याचे काम केले, आणि त्यामुळे एकेकाळी आठवड्याभरात विस्मरणात जाणारे लेख वर्षानुवर्षे वाचले जाऊ लागले. या उपक्रमांचे मोल नाकारता येत नाही. परंतु यादी ही आधी प्रसिद्ध झालेल्या, संपादकाच्या नजरेत आलेल्या आणि त्याला वाचता येणाऱ्या भाषेतील लेखनातूनच होते, हे त्यांचे मूळ बंधन आहे. महिनोन्‌महिने एका विषयावर वार्ताहर ठेवण्याची ऐपत ज्या नियतकालिकांकडे आहे त्यांचेच लेखन अशा यादीत पुन्हा पुन्हा येते. शिवाय यादी निवडणाऱ्यांच्या उत्साहावर आणि पैशावर अवलंबून असते. ‘लाँगफॉर्म’ने २०२१ साली लेखांची शिफारस करणे थांबवले. म्हणून मराठीतही अशी एक यादी झाली की प्रश्न सुटेल, ही कल्पना आकर्षक असली तरी अपुरी आहे. यादी वाचकाला लेख देते. एका लेखापासून दुसऱ्या लेखापर्यंत, आणि दुसऱ्यापासून मूळ पुराव्यापर्यंत जाण्याची वाट ती देत नाही.

ही वाट म्हणजे काय, हे बीडच्या एका प्रकरणातून स्पष्ट होते. बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेल्या, अवर्षणाने गांजलेल्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ या दैनिकात राधेश्याम जाधव यांनी या मजूर स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी लिहिले, त्यानंतर हा विषय राष्ट्रीय पातळीवर गाजला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी मेघा राजगोपालन आणि कादरी इंझमाम यांचा दीर्घ शोधलेख प्रसिद्ध केला, ज्यात महाराष्ट्रातील साखर, जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्या, मजुरांवरचे कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया यांची साखळी जोडून दाखवली होती. जगभरच्या वाचकाला बीड भेटले ते प्रामुख्याने या दुसऱ्या लेखातून, आणि त्या वाचकाच्या दृष्टीने विषयाची सुरुवातही तेथेच झाली. प्रत्यक्षात त्या लेखामागे सुमारे पाच वर्षांचे वार्तांकन, शासकीय सर्वेक्षण, विधिमंडळातील उत्तरे आणि स्थानिक कार्यकर्त्यांचे काम उभे होते. नंतरचा लेख त्यामुळे कमी मोलाचा ठरत नाही, कारण कारखान्याच्या दारापासून परदेशी कंपनीच्या खरेदीपर्यंतचा धागा त्यानेच नेटाने पुढे नेला. परंतु केवळ तोच वाचणाऱ्याला विषयाचा शेवटचा अंक ठाऊक होतो आणि आधीचे अंक अज्ञात राहतात.

एकाहून अधिक लेखन शेजारी ठेवून वाचण्याची गरज आकड्यांच्या बाबतीत तर अधिकच तीव्र होते. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. पुढे समितीच्या कामातून जो आकडा आला तो असा की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. घाईने वाचणाऱ्याला हे दोन आकडे परस्परविरोधी वाटतील, पण ते दोन निराळ्या गोष्टी मोजतात. पहिला आकडा ठरावीक काळात ठरावीक रुग्णालयांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे, मग ती स्त्री मजूर असो वा नसो; दुसरा आयुष्यात केव्हातरी शस्त्रक्रिया झालेल्या मजूर स्त्रियांचा आहे. दुसऱ्या आकड्याचा अर्थ साधारणपणे दर सहा स्त्रियांमागे एक असा होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती एकच नसल्यामुळे ही तुलना जपून करावी लागते, तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. या पार्श्वभूमीवर, जणू गावेच्या गावे गर्भाशय गमावून बसली आहेत असे सुचवणारे जे मथळे त्या काळात फिरले, ते सहांत एक या भयंकर सत्याला अतिशयोक्तीच्या आड लपवतात आणि प्रत्येक मजूर स्त्रीवर एक शिक्का मारतात. आपण काय मोजले आणि काय मोजले नाही हे जो लेख सांगतो तो अधिक विश्वासार्ह असतो, आणि वास्तवकथनात विश्वासार्हता हा सौंदर्याचाच भाग आहे.

उत्तमपणाची दुसरी कसोटी व्यवहाराच्या आकलनाची आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ या शब्दाने केवळ अवजार सूचित होत नाही; नवरा-बायको मिळून कामाचे जे एकक मानले जाते त्यालाही कोयता म्हणतात, आणि म्हणून एकट्या स्त्रीच्या कष्टाची स्वतंत्र नोंद बहुधा होतच नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, या जोडीला जी आगाऊ रक्कम मिळते तिला ‘उचल’ म्हणतात आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडावी लागते. कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याबद्दल मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात किंवा आजारात विश्रांती घेणे म्हणजे कर्ज वाढवणे, हे या तीन शब्दांतून आपोआप निष्पन्न होते. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, पाणी आणि शौचालय नसणे, त्यातून होणारा संसर्ग, लहान वयातील लग्न आणि बाळंतपणे, आणि आजाराच्या धास्तीचा लाभ उठवणारी खासगी वैद्यकीय व्यवस्था या बाबी त्याला येऊन मिळतात. जो लेख ही साखळी उलगडतो तो वाचकाला कारणापर्यंत नेतो. जो केवळ एका स्त्रीचे अश्रू आणि एक धक्कादायक संख्या देतो तो वाचकाला हळहळायला लावून सोडून देतो. बातमी घटना सांगते, अहवाल प्रमाण सांगतो. एका माणसाच्या आयुष्यात घटना आणि प्रमाण कसे एकत्र येतात हे दाखवणे हे वास्तवकथनाचे खास कार्य आहे.

हा लेखनधर्म मराठीला परका नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी जमवताना प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या अनुयायांना गाठले, प्रसंग कोठे घडला हे नोंदवले, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ उभा राहिला. महानुभाव परंपरेत तर एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ ‘वासना’ या नावाने जपले गेले. साक्षीदार शोधणे, स्थळ निश्चित करणे आणि मतभेद लपवून न ठेवणे ही आजच्या शोधलेखनाची शिस्त त्या गद्यात बीजरूपाने दिसते. परंतु याच ग्रंथाचा पुढील इतिहास अधिक बोलका आहे. महानुभाव पंथाने आपले वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले आणि विसाव्या शतकात त्या लिपीची उकल होऊन ग्रंथ छापले जाईपर्यंत सर्वसाधारण मराठी वाचकाला ते अस्तित्वात नसल्यासारखेच होते. भाषेत उत्तम लेखन असणे आणि त्या भाषेच्या वाचकाला ते मिळणे यांत शतकांचे अंतर पडू शकते, याचा हा दाखला आहे.

आधुनिक काळात अनिल अवचट यांनी ‘पूर्णिया’ या पुस्तकापासून रिपोर्ताजाला मराठीत स्थिर स्थान मिळवून दिले आणि कष्टकऱ्यांच्या व्यवसायांची तपशीलवार पाहणी हा वाचनीय गद्याचा विषय होऊ शकतो हे दाखवले. पण अशा लेखनाचे मराठीतील मुख्य घर पुस्तकाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, दिवाळी अंक हे राहिले आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडलेला हा पायंडा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि त्याने लेखकाला वर्षातून एकदा तरी दहा-पंधरा पाने सलग लिहिण्याची मुभा दिली. मात्र हे घर काही आठवड्यांचे असते. अंक विकला जातो, वाचनालयात फिरतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत रद्दीत जातो. त्यातील लेखांची विषयवार सूची क्वचितच होते. त्यामुळे पाथर्डी-पाटोद्याच्या मजुरांवर किंवा जायकवाडीच्या पाण्यावर वीस वर्षांपूर्वी कोणी उत्तम लेख लिहिला असेल, तर आज त्या विषयावर काम करणारा विद्यार्थी त्यापर्यंत बहुधा योगायोगानेच पोहोचतो.

इंटरनेटवर हे लेखन न सापडण्याची कारणे तांत्रिक आहेत, आणि ती समजून घेतली तर निराशेचा बराचसा भाग गळून पडतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ओळख देणारी पद्धती, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये जुळवला जात असे, आणि तसा मजकूर शोधयंत्राला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. अनेक वृत्तपत्रांचे ई-पेपर म्हणजे पानांची छायाचित्रे असतात, ज्यांतील शब्द शोधता येत नाहीत. झुंजार नेता, चंपावतीपत्र यांसारख्या बीडच्या दैनिकांनी जपलेली स्थानिक नोंद, ती जेथे केवळ कागदावर किंवा चित्ररूपात आहे तेथे, शोधयंत्राच्या लेखी नाहीच. त्यात लेखनभेदांची भर पडते. ऊसतोड, ऊस तोडणी, उसतोड ही तिन्ही रूपे प्रचारात आहेत आणि एक शोधल्यास दुसरे मिळेलच असे नाही. १९६९ साली प्रसिद्ध झालेला या जिल्ह्याचा शासकीय गॅझेटिअर, जो इतिहास, शेती आणि वस्ती यांच्या माहितीचा पहिला आधार आहे, तो इंग्रजीत आहे आणि त्यावर जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे आहे. याखेरीज शोधयंत्रे ताज्या आणि गाजणाऱ्या मजकुराला झुकते माप देतात. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीड या नावापुढे गुन्हा, खंडणी आणि राजकारण यांच्याच बातम्यांचा ढीग साचला. त्या बातम्या आवश्यक होत्या, पण २५ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्याविषयी इतर काही वाचू इच्छिणाऱ्याची वाट त्यांनी बुजवली.

म्हणून शोधाची रीत बदलावी लागते. ‘उत्तम लेख’ असा शोध घेणाऱ्याला इतरांची आवड मिळते. त्याऐवजी गावाचे नाव आणि व्यवसायातील खास शब्द, उदाहरणार्थ मुकादम, उचल, कोपी, एकत्र शोधणाऱ्याला प्रत्यक्ष तेथे जाऊन लिहिलेला मजकूर मिळण्याची शक्यता वाढते, कारण दूर बसून लिहिणाऱ्याच्या लेखात हे शब्द सहसा येत नाहीत. एक चांगला लेख मिळाला की त्याचा लेखक, त्याने उल्लेखिलेला अहवाल आणि त्याने भेट दिलेले गाव या तीन धाग्यांनी पुढे जाता येते. अशा शोधाला आज काही भक्कम ठिकाणे उपलब्ध आहेत. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहावर पार्थ एम. एन., ज्योती शिनोळी यांच्यासारख्या पत्रकारांनी बीडमधून केलेले लेखन विनामूल्य वाचता येते, आणि ते मराठीतही दिले जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नातून जमलेला एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रहही तेथे प्रकाशित होत आहे, ज्यात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांविषयी गायिलेल्या ओव्या आहेत. एखाद्या वस्तीच्या राजकीय जाणिवेचा असा पुरावा कोणत्याही अहवालात नसतो. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तके आणि शासनाचे गॅझेटिअर ही सार्वजनिक पैशातून झालेली साधने मोफत आहेत. उणीव आहे ती यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सूचीची.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने लवकरच हा शोध आपोआप करतील. परंतु ही साधने जो मजकूर त्यांना वाचता येतो त्यावरच पोसली जातात; जो दिवाळी अंक संगणकावर आलाच नाही, जे पान केवळ चित्र आहे, ते त्यांच्या उत्तरात येणार नाही, आणि बीडविषयी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजी स्रोतांतून घडलेले उत्तर मिळण्याचा धोका वाढेल. म्हणजे यंत्र अधिक समर्थ होत जाईल तसतशी मराठी मजकुराच्या नोंदणीची गरज वाढत जाणार आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वर्षातील सहा महिने स्थलांतरात घालवणाऱ्या कुटुंबांच्या जिल्ह्यात दीर्घ लेखांचा शोध ही सुस्थितांची चैन नव्हे काय? याला उत्तर असे की, या कुटुंबांविषयीची धोरणे, समित्या आणि न्यायालयीन चर्चा अशाच लेखनातून आकार घेतात. २०१९ च्या समितीमागे एक लेख होता. ज्या लेखनाच्या आधारे एखाद्या समाजाबद्दल निर्णय होतात ते लेखन त्या समाजातील शिकलेल्या मुलाला, गावच्या शिक्षिकेला, आशा कार्यकर्तीला वाचता येणे आणि त्यातील चूक दाखवता येणे हा चैनीचा विषय राहत नाही. स्थलांतरातही हाती मोबाइल असतो. त्यावर काय पोहोचते हाच तर वादाचा मुद्दा आहे.

तेव्हा ही जबाबदारी कोणाची, याचा विचार वैयक्तिक अभिरुचीच्या पलीकडे जाऊन करावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याखाली गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता आणि अनुदान घेत आली. या वाचनालयांचे काम आजवर प्रामुख्याने ग्रंथ जमवणे आणि देणे असे समजले गेले. आपल्या तालुक्याविषयी कोठे काय लिहिले गेले याची चालती सूची ठेवणे हे त्यांचे तितकेच महत्त्वाचे काम ठरू शकते. अशा सूचीला मोठा निधी लागत नाही. लेखकाचे नाव, वर्ष, कोणत्या गावात काम केले, लेखक कोणाशी बोलला, कोणत्या कागदपत्रांचा आधार घेतला, आणि त्यावर स्थानिकांचा काही आक्षेप आहे का, एवढ्या नोंदी युनिकोडमध्ये आणि प्रचलित सर्व लेखनभेदांसह ठेवल्या तर गेवराई, धारूर किंवा अंबाजोगाई यांविषयीचे लेखन एकत्र दिसू लागेल. महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र आणि पत्रकारिता या विभागांना दिवाळी अंकांची विषयसूची हा प्रकल्पाचा विषय देता येईल. स्थानिक दैनिकांना आपले जुने अंक शोधता येण्याजोगे करता येतील.

या सूचीतील शेवटची नोंद, म्हणजे स्थानिकांचा आक्षेप, सर्वांत मोलाची आहे. वास्तवकथनाच्या आजच्या मूल्यमापनात संपादक, पारितोषिक समित्या आणि दूरचे वाचक असतात. ज्याच्या जगण्याचे ते कथन आहे तो माणूस त्यात नसतो. कादंबरीच्या बाबतीत ही उणीव सहन होण्यासारखी आहे, कारण कादंबरीतील पात्राला लेखकाला खोटे पाडण्याचा प्रसंग येत नाही. वास्तवकथनाचे तसे नाही. त्याचा दावाच मुळी हा आहे की हे असे घडले, आणि जेथे ते घडले तेथील माणसाइतका या दाव्याचा समर्थ परीक्षक दुसरा नाही. उचल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो वाचक लेखातील चूक पहिल्याच वाचनात पकडेल, आणि जो लेख त्याच्या वाचनातून तावून-सुलाखून निघेल त्याला उत्तम म्हणण्यासाठी न्यूयॉर्कच्या किंवा मुंबईच्या शिफारशीची गरज उरणार नाही. उत्तम वास्तवलेखन शोधण्याची मराठीतील खात्रीची रीत म्हणूनच एखाद्या श्रेष्ठ लेखांच्या यादीत नसून, ते लेखन त्याच्या गावी परत पोहोचवण्यात आणि तेथून आलेला अभिप्राय त्या लेखाइतक्याच जबाबदारीने नोंदवून ठेवण्यात आहे.